एप्रिलमध्ये मी तिथे होतो

४ एप्रिल, शुक्रवार. दुपार

आज स्टाफरूममध्ये सिआंकोपे बाईंनी (मुख्याध्यापिका, वय माझ्याहून नऊ वर्षांनी कमी, आवाज दुप्पट) जाहीर केलं की मी ऑगस्टमध्ये निवृत्त होतोय, त्यानिमित्त १७ मे रोजी बारावीची सहल मोसी-ओआ-तुन्या धबधब्याला जाईल. धबधब्यासमोर उभं राहून माहिती मी सांगायची. बाई म्हणाल्या, हामालांबो सरांना तिथला दगड अन् दगड ठाऊक आहे. टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्या, गणित शिकवणाऱ्या लिस्वानिसोच्या.

लिस्वानिसो जमातीनं लोझी, मी टोंगा. म्हणजे आमचं नातं थट्टेचं, वाडवडलांपासून चालत आलेलं. त्यानं मला आणि मी त्याला काहीही बोलावं, रागवायचं मात्र नाही. जो रागावला तो हरला, आणि हरलेल्यानं कोंबडी द्यायची. सव्वीस वर्षांत मी एकदाही रागावलेलो नाही. (दोनदा. पण कोंबड्या लहान होत्या.)

आज म्हणाला, गुरांमागे हिंडणाऱ्या टोंगा माणसाला धबधब्यापर्यंत न्यायचं तर पुढे एक गाय चालवावी लागेल. शिवाय ते पाणी आमच्या लोझींच्या पूरमैदानातून येतं, आमचे पाय धुऊन झाले की उरलेलं तुमच्याकडे सोडतो, आणि त्याचं नावसुद्धा, ‘गरजणारा धूर’, आमच्याच बोलीतलं आहे. मी म्हणालो, वर्षातले सहा महिने पाण्यात राहणाऱ्यांना माणसांत धरायचं की माशांत, हे आमच्याकडे अजून ठरायचंय. बरोबरीत सुटलं.

संध्याकाळ

ही वही कुणी वाचणार नाही, म्हणून एक बाब नोंदवून ठेवतो. मी धबधबा पाहिलेला नाही.

म्हणजे डोळ्यांनी पाहिलेला नाही. बाकी सगळ्या अर्थांनी पाहिलेला आहे. रुंदी १७०८ मीटर, खोली १०८ मीटर. एप्रिलच्या सुमारास पाणी सगळ्यात जास्त, ऑक्टोबरात आपल्या बाजूला बहुतेक कोरडा कातळ. जाऊन आलेल्यांपैकी कितीजणांना हे आकडे येतात? फोटो काढतात, मका भाजून खातात आणि परत येतात.

झालं ते असं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका मुलीनं विचारलं, सर, तुम्ही पाहिलाय का? मी म्हणालो, हो, एप्रिलमध्ये गेलो होतो. तोंडातून गेलं. मग दरवर्षी थोडी भर पडत गेली. धबधब्यासमोरच्या नाइफ एज नावाच्या पुलावर मी उभा, समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खा धबधबा, वर दोन इंद्रधनुष्यं. गेल्या वर्षी तीन झाली.

आता १७ मे. तिथे बेचाळीस मुलांसमोर मी पूल कुठंय म्हणून विचारत फिरलो, तर माझी सव्वीस वर्षं त्या पाण्याबरोबर खाली जातील. ते मी होऊ देणार नाही.

६ एप्रिल, रविवार

निर्णय झाला. सुट्टीत गुपचूप जाऊन येणार. बसनं नाही, आमच्या चोमा गावच्या बस स्टँडवर प्रत्येक कंडक्टर माझा माजी विद्यार्थी आहे. पाठीवर बॅग टाकून, जमेल तिथे चालत, मिळेल त्या वाहनानं, तंबूत झोपत. नॉर्वेतून पोरं येतात अशी. मला तर एकशे नव्वद किलोमीटरच जायचंय, तेही माझ्याच प्रांतात. वय पंचावन्न आहे, पण ते जन्मतारखेवरून काढलेलं वय.

तयारी: उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून रेल्वे फाटकापर्यंत आणि परत.

७ एप्रिल, सोमवार

सव्वासातला उठलो. शरीराला पूर्वसूचना द्यायला हवी होती.

८ एप्रिल, मंगळवार

फाटकापर्यंत गेलो. फाटक बंद होतं, म्हणून परत फिरलो. (चालणाऱ्याला फाटक बंद असलं तरी जाता येतं, हे घरी आल्यावर लक्षात आलं.)

९ एप्रिल, बुधवार

बाजारात सलाउलाच्या ढिगातून, म्हणजे युरोपातल्या लोकांनी टाकलेल्या जुन्या कपड्यांतून, पाठीवरची बॅग मिळाली. जांभळी. आतल्या बाजूला शाईनं इन्ग्रिड असं नाव. ही इन्ग्रिड उंच असावी. बॅग माझ्या डोक्याच्या वर येते आणि खाली गुडघ्यामागे लागते. विकणारा जुना विद्यार्थी निघाला. विचारत होता, सर, कुठे? म्हटलं, कोबी आणायला.

शाळेतून स्काउटचा तंबूही आणला. काठ्या नाहीत. काठ्यांचं एवढं काय असतं?

११ एप्रिल, शुक्रवार

शाळा बंद झाली. घरी काय सांगायचं हा प्रश्न. शिक्षक संघटनेची बैठक सांगता येत नाही, संघटनेचा चिटणीस लुयांडोच्या आईचा मावसभाऊ आहे. (लुयांडो आमची मुलगी, लग्न होऊन लुसाकाला असते. तिची आई म्हणजे माझी बायको.) चर्चचं काम सांगता येत नाही, चर्च तीच चालवते.

मग सुचलं. मयत. मयताला निघालेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. माझे झिंबाचे हांबुलो मामा निवडले. वय एक्याऐंशी. लुयांडोच्या लग्नात मुलाकडून आलेल्या बैलाच्या वाटणीवरून आमचं आठ वर्षांपूर्वी बिनसलं, तेव्हापासून येणंजाणं नाही. मामा कधीतरी जाणारच आहेत, मी फक्त तारीख अलीकडे घेतली. बैलाच्या मानानं हे काहीच नाही.

१२ एप्रिल, शनिवार. सकाळ

सांगितलं. लुयांडोची आई पिठाचा हात तसाच डोळ्याला लावून रडली. मामांनी तिला लग्नात शेळी दिली होती, हे मी विसरलो होतो. शेवटी म्हणाली, अहो, तुम्ही त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलला नाहीत. मला जरा कसंतरी झालं, पण मोहीम आखली की मन घट्ट करावं लागतं.

दुपार

ही बाब माझ्या हिशेबातून सुटली होती. आमच्याकडे मयताची बातमी घरात थांबत नाही. दहापर्यंत अंगणात शेकोटी पेटली, अकरापर्यंत शेजारच्या बायका सतरंज्या घेऊन आल्या, बारापर्यंत मक्याच्या पिठाची नऊ पोती आणि कोबीचा ढीग. सिआंकोपे बाईंनी प्रार्थना म्हटली. मी मान खाली घालून बसलो होतो. सगळे म्हणाले, सरांना फार लागलंय.

मग लिस्वानिसो आला. मयताघरी थट्टेच्या भावाला जास्तच हक्क असतो. रडणाऱ्यांना हसवायचं कामच त्याचं. माझी टोपी घालून माझ्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, मामा गेले, आता झिंबाच्या गाई सुटकेचा श्वास घेतील. लोक रडता रडता हसले. पुढे म्हणाला, सोमवारी ट्रक ठरवलाय, तो स्वतः झिंबाला येणार, कबरीशी लोझी माणूस नसला तर टोंगा लोक मामांना गोठ्याकडे तोंड करून पुरतील. लुयांडोची आई येणार. चर्चच्या बायका येणार. नऊ पोती येणार.

मी म्हणालो, छान.

१३ एप्रिल, रविवार. पहाट

चिठ्ठी ठेवली: पुढे जातो, राहवत नाही. निघालो. पाठीवर इन्ग्रिड. आत तंबू, पातेलं, पीठ, सुकी कापेंटा मासळी आणि भूगोलाचं पाठ्यपुस्तक, अडलं तर बघायला. रेनकोट घेतला नाही. तुषारांना भिणारा भूगोलाचा मास्तर मी नव्हे.

सकाळी ९

सहा किलोमीटर झाले. टाचा सोलल्या. दोष बुटांचा आहे, टाचांचा नाही.

दुपारी १

गाडी मिळाली. गुरांचा ट्रक. पुढे जागा नव्हती, मागे चौदा गाईंमध्ये उभा आहे. लिस्वानिसो इथे नाही याबद्दल देवाचे आभार. कालोमो गाव मागे गेलं. झिंबा येताना मामांच्या गावचा फाटा लागला, तेव्हा दोन गाईंच्या मध्ये खाली बसलो. फाट्यावर एक म्हातारा सायकल धरून उभा दिसला. टोपी मामांच्या टोपीसारखी होती. टोप्या सारख्या असतात.

१४ एप्रिल, सोमवार. लिव्हिंगस्टन

पाठीवर बॅग घेऊन हिंडणाऱ्या पोरांच्या एका मुक्कामाच्या जागी उतरलो आहे. तंबूला काठ्या लागतात. काल रात्री तंबू पांघरून झोपलो, ही पद्धत मुळात जास्त उबदार आहे.

सकाळी दोन डच मुलांनी मला विचारलं की तुम्ही इथले रखवालदार का. मी शांतपणे सांगितलं की मी भूगोलतज्ज्ञ आहे. मग त्यांना धबधबा समजावला. चाळीस मिनिटं. पुलावर कुठे उभं राहायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत कसं दिसतं, इंद्रधनुष्यं किती. वहीत लिहून घेतलं बिचाऱ्यांनी.

दुपारी दोघं परत आले, नखशिखांत भिजलेले. म्हणाले, काहीच दिसलं नाही. मी सांगितलं, कोन चुकला असेल. ते एकमेकांकडे बघत राहिले. शिकवलेलं नीट पाळत नाहीत हल्लीची मुलं.

मी आज गेलो नाही. टाचा. शिवाय घाईनं बघायची गोष्ट नाही ती.

आत्ता, चारच्या सुमाराला, झिंबाला काय चाललं असेल याचा विचार मनात आला. तो बाजूला ठेवला.

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळी ६

इथून धबधबा अकरा किलोमीटर. चालतच जाणार. टॅक्सीवाले हाका मारतात, मारोत.

सकाळी ९

झाडांच्या वर धूर दिसतोय आणि जमिनीखालून आवाज येतोय. सव्वीस वर्षं फळ्यावर खडूनं काढला तो धूर. जरा वेळ उभा राहिलो. दम लागला होता म्हणून.

सकाळी १०

गेटाच्या अलीकडे रस्त्यात एक नर बबून बसलेला. वर्गात मी सांगतो की बबूनच्या नजरेला नजर द्यायची नाही आणि आत्मविश्वासानं पुढे जायचं. तसं केलं. त्यानं इन्ग्रिडचा पट्टा धरला. मी सोडला नाही. त्यानंही सोडला नाही. पट्टा तुटला. झाडावर बसून त्यानं कापेंटा खाल्ली, पीठ उधळलं आणि पाठ्यपुस्तक उघडून बराच वेळ पाहिलं. नंतर तेही खाली फेकलं, पण दरीच्या बाजूला.

हरकत नाही. सगळं पाठ आहे. ही वही प्लॅस्टिकच्या पिशवीत, सदऱ्याच्या आत आहे. ती मी कुठल्याही माकडाला देणार नाही.

दुपारी ३. गेटाबाहेर, झाडाखाली

जे झालं ते क्रमानं लिहितो.

गेटाशी रेनकोट भाड्यानं देणारी बाई म्हणाली, बाबा, आत काही दिसायचं नाही, निदान कोरडे तरी राहा. मी तिला एप्रिलमधल्या पाण्याचे आकडे सांगितले आणि आत गेलो. पूल मिळाला. पुलावर गेलो. कठड्याला धरून समोर पाहिलं.

पांढरं.

एवढंच. धबधबा नाही, दरी नाही, पलीकडचं टोक नाही. माझाच हात कोपरापुढे दिसत नव्हता. पाणी वरून पडतं असं मी शिकवतो. इथे ते खालून येत होतं, बाजूनं येत होतं, बाहीतून आत शिरून पायातून बाहेर निघत होतं. चष्मा पुसला, पुन्हा पांढरं. खिशात फोन होता, तो वारला. मी ठरवलं, थांबायचं. धुकं कधी ना कधी हटणार, मी हटणार नाही. दीड तास उभा होतो.

खरं लिहितो. आवाज पायांतून वर चढत होता आणि छातीत येऊन बसत होता. हे कुठल्याच धड्यात नाही. मी कधी सांगितलंच नाही मुलांना, कारण मला माहीतच नव्हतं. मला रडू आलं. तिथे रडलेलं कळत नाही, एवढी एक सोय आहे.

तेवढ्यात शेजारी दोन पिवळे रेनकोट येऊन उभे राहिले. त्यातला एक माझ्या कानाशी ओरडून म्हणाला की टोंगा माणसाला एवढ्या पाण्यानं धुतलं तरी गाईचा वास जात नाही. दुसऱ्यानं डोक्यावरून रेनकोट मागे केला. खाली टोपी होती. टोपीखाली हांबुलो मामा.

लिस्वानिसोनं मला झाडाखाली आणून हकिगत सांगितली. काल ट्रक मामांच्या दारात गेला. बायकांनी फाटकापासूनच रडायला सुरुवात केली. मामा बाहेर आले, टोपी काढली आणि कोण गेलं म्हणून विचारलं. त्यांना सांगितलं, तुम्ही. मामांनी बसायला चटया दिल्या. लुयांडोची आई खाली बसली ती उठेचना. तेव्हा लिस्वानिसोनं तिथल्या तिथे जमवलं: निरोप चुकला, गेले ते पलीकडच्या गावचे दुसरेच हांबुलो, आणि आमचा सर बिचारा त्या परक्या घरी जाऊन रडत बसला असणार. बायका हसत हसत ट्रकमध्ये चढल्या. सरांना घेऊन येतो म्हणून हा मागे राहिला, आणि मामांनाही धबधबा पाहायचा होता. लिव्हिंगस्टनमध्ये दोन डच पोरांनी सांगितलं की तो सगळं दिसतं म्हणणारा म्हातारा पहाटेच चालत गेला.

मी विचारलं, मी इथे असेन हे कसं कळलं. तो बूट काढून पाणी ओतत होता.

"हामालांबो, सव्वीस वर्षं तू सांगतोस, एप्रिलमध्ये गेलो आणि पुलावरून अख्खा धबधबा पाहिला. अरे, एप्रिलमध्ये तिथून कुणालाच काही दिसत नाही. मी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं."

मग कधी बोलला का नाही, मी म्हणालो. तुला तर काहीही बोलायचा हक्क होता.

"गाईंवरून बोललो तर तुला काही होत नाही. यावरून बोललो असतो तर तू चोमा सोडून गेला असतास. मग मी कुणाला चिडवायचं?"

मीही माझे बूट काढून पाणी ओतायला लागलो. थंडी फार होती.

ठरलं ते असं: मी या सुट्टीत झिंबाला चुकीच्या हांबुलोंच्या मयताला होतो. इथे आलोच नाही. ही गोष्ट आम्हा तिघांत. मामांनी गप्प राहायला बैल मागितला. म्हणाले, मी खरंच मेलो असतो तर कापलाच असतास, आता जिवंतच दे. द्यावा लागेल. धबधब्याबद्दल त्यांना विचारलं तर म्हणाले, हे बघायला लोक विमानानं येतात होय, आमच्या विहिरीवर थंडीत पहाटे असंच असतं.

१७ एप्रिल, गुरुवार. चोमा

घरी. लुयांडोच्या आईनं माझे कपडे दोरीवर वाळत घातले. म्हणाली, झिंबाला आठवडाभर पाऊस नाही. मी म्हणालो, हो. मग तिनं एवढंच विचारलं की तिथे लोक फार रडले का. मी म्हणालो, एकजण रडला. तिनं मक्याच्या पिठाची न्शिमा वाढली आणि वर मासळीचा मोठा तुकडा ठेवला.

गावात सगळे मला मान हलवून भेटतात. परक्या माणसासाठी रडलेला मास्तर. बरं नाव झालं.

१६ मे, शुक्रवार

उद्या सहल. आता भीती नाही. पूल कुठंय, बबून कुठे बसतो, सगळं माहीत आहे. भाषणं दोन तयार आहेत. एक जुनं: टोकापासून टोकापर्यंत, तीन इंद्रधनुष्यं. एक नवं. जुनंच म्हणावं. मुलांना तेच आवडतं, आणि निवृत्तीला तीन महिने उरले असताना माणसानं नवे प्रयोग करू नयेत.

१७ मे, शनिवार. परतीच्या बसमध्ये

बेचाळीस मुलं आणि बेचाळीस रेनकोट. मी विचारलं, कुणी सांगितलं आणायला. न्चिमून्या म्हणाली, ताईनं. तिची ताई सहा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात होती. ताईनं सांगितलंय, धबधब्याबद्दल हामालांबो सर जे दिसतं म्हणतील ते दिसत नसतं, रेनकोट ने. म्हणजे हे शाळेत वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येत होतं. किती वर्षं, ते मी विचारलं नाही.

पुलावर गेलो. पांढरं. सिआंकोपे बाईंनी भोंगा माझ्या हातात दिला. मी जुनं भाषण सुरू करायला तोंड उघडलं. आवाज पायांतून वर आला आणि दुसरंच बाहेर पडलं. मी म्हणालो, मुलांनो, मी इथे एप्रिलमध्ये आलो होतो. काही दिसलं नाही. नुसतं पांढरं होतं. पण तुम्ही डोळे मिटून उभे राहा आणि पायांकडे लक्ष द्या, धबधबा तिथून कळतो.

सव्वीस वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा खरं होतं. एप्रिलमध्ये मी तिथे होतो.

मुलं हसायला लागली. न्चिमून्या फार अदबीनं म्हणाली, "सर, एप्रिलमध्ये तुम्ही झिंबाला होता ना? चुकीच्या मामांच्या मयताला?"

सगळा पूल हसला. सिआंकोपे बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुःखात माणसाचा गोंधळ होतो असं काहीतरी म्हणाल्या. माझ्याजवळ फोटो नाही, पाठ्यपुस्तक दरीत, बॅग बबूनकडे. साक्षीदार एकच. मी भोंग्यातूनच सांगितलं की लिस्वानिसो सरांना विचारा.

लिस्वानिसो पुढे आला. रेनकोटची टोपी मागे केली, उजवा हात वर केला.

"मुलांनो, या माणसाला मी आयुष्यात कधी या पुलावर पाहिलेलं नाही. यापुढे गाय चालवा, तरच येतो."

आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. त्यानं दिलेला शब्द पाळला होता आणि थट्टाही केली होती, एकाच वेळी, आणि मी काय करतो ते बघत होता.

मी रागावलो नाही. मी रागावलेलो नाही, हे मी भोंग्यातून दोनदा सांगितलं. मग बाईंनी भोंगा काढून घेतला.

संध्याकाळी ७. घरी

लिस्वानिसोकडे कोंबडी पोचवली. लहान होती.